'द टॅलोस प्रिन्सिपल' पहिल्यांदा खेळताय? मग हे आधी वाचा

सायन्स फिक्शन आणि कोडी असं दोन्ही आवडणाऱ्या माणसाला कुणीतरी कधी ना कधी 'द टॅलोस प्रिन्सिपल' खेळायला सांगतंच. सांगणारा बहुधा भारावलेला असतो, त्यामुळे या गेममध्ये कंटाळवाणं काय आहे हे सांगायचं राहून जातं. नवा खेळाडू मोठ्या हौसेने सुरुवात करतो, आणि मध्येच कुठेतरी, बऱ्याचदा हालचाली टिपणारं 'रेकॉर्डर' नावाचं साधन हातात आल्यावर, गेम बाजूला पडतो तो पडतोच. ते टळावं म्हणून हा खटाटोप. कथेतलं रहस्य इथे फोडलेलं नाही, आणि कोड्यांच्या युक्त्याही सुरुवातीला लागतात तेवढ्याच दिल्या आहेत.

थोडी ओळख करून घेऊ. क्रोएशियातल्या झाग्रेबमधल्या क्रोटीम या स्टुडिओचा हा गेम 11 डिसेंबर 2014 रोजी आला. क्रोटीम तोवर ओळखला जायचा तो 'सिरियस सॅम'साठी. अंगावर धावून येणाऱ्या झुंडींवर गोळ्या झाडत सुटायचं, डोकं वगैरे नंतर. त्याच मालिकेच्या चौथ्या भागाचं काम चालू असताना दारं जॅम करण्यासारखे काही अडथळे करून बघितले गेले, त्यातून कोडी सुचत गेली आणि त्यांचा वेगळाच गेम झाला. कथा टॉम ज्यूबर्ट आणि योनास किराट्झेस यांची, संगीत दाम्यान म्राव्हुनाच यांचं. टॅलोस हा ग्रीक पुराणातला, क्रीट बेटाची राखण करणारा धातूचा माणूस. धातूचा असला तर त्याला माणूस म्हणायचं की नाही, हा प्रश्न गेम तुम्हाला शेवटपर्यंत विचारत राहतो.

तुम्ही स्वतः एक रोबो आहात. पडक्या वास्तूंच्या एका बागेत तुम्हाला जाग येते. एलोहिम नावाचा एक आवाज आकाशातून सांगतो की ही सगळी बाग तुझ्यासाठी आहे, कोडी सोडव, सिजिल (कोडं सुटलं की मिळणारे तुकडे) गोळा कर, फक्त तो मनोरा चढू नकोस. बंदी घातली की माणूस काय करतो हे आपल्याला माहीत आहे.

माझं या गेमबद्दलचं मत असं आहे. त्याची सगळी ताकद एका अबोल करारात आहे: खोलीत जे दिसतंय त्यातच उत्तर आहे. बाहेरून काही आणायचं नाही, नशिबावर काही नाही, बोटांच्या चपळाईवर फारच थोडं. हा करार जिथे पाळला जातो तिथे या गेमला तोड नाही. जिथे मोडला जातो तिथे तो दमवतो. पुढच्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत.

पायरी पहिली: आवृत्ती निवडा

मूळ गेमशिवाय 'रीअवेकन्ड' नावाची नवी आवृत्ती एप्रिल 2025 मध्ये आली. ती अनरिअल इंजिन 5 या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर नव्याने बांधलेली आहे. 'रोड टू गेहेन्ना' ही जुनी पुरवणी, एक नवं प्रकरण आणि स्वतःची कोडी बनवण्याची सोय तिच्यात आहे. मशीन दमदार असेल तर नवी घ्या. जुना कॉम्प्युटर असेल तर मूळ गेम घ्या आणि काही गमावतोय असं वाटून घेऊ नका, कारण कोड्यांचा गाभा तोच आहे.

नोव्हेंबर 2023 मध्ये दुसरा भागही आला. तो जास्त बोलका, जास्त भव्य आणि नवख्यांना जास्त सांभाळून घेणारा आहे. तरीही थेट त्यावर उडी मारू नका. त्याची कथा पहिल्या भागाच्या शेवटावरच उभी आहे.

पायरी दुसरी: सेटिंगमध्ये पाच मिनिटं घालवा

फर्स्ट पर्सन, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या गेममध्ये ज्यांना गरगरतं त्यांनी हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. मळमळ टाळण्यासाठीचे वेगळे पर्याय सेटिंगमध्ये आहेत. दृष्टिक्षेत्र वाढवता येतं, चालताना डोकं हलणं बंद करता येतं, आणि कॅमेरा रोबोच्या पाठीमागेही नेता येतो. अरुंद गल्ल्यांत सतत मान वळवत लेसरच्या रेषा बघायच्या असल्यामुळे इथे त्रास होण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त आहे. धावायचं बटण कोणतं तेही आत्ताच बघून ठेवा. ते फार लागणार आहे.

पायरी तिसरी: खोलीत शिरल्यावर कशालाही हात लावू नका

नवखा खेळाडू आत शिरतो, समोर दिसेल ती वस्तू उचलतो आणि दिसेल त्या दारावर रोखतो. दोनचार सोप्या खोल्यांत हे खपूनही जातं, आणि तीच सवय पुढे नडते. आधी सगळीकडे फिरून या. सिजिल कुठे आहे, तिथपर्यंत जाणारं शेवटचं दार कोणतं, ते कशाने उघडतं, हे शेवटाकडून सुरुवातीकडे बघत या. खोलीच्या दारावर लिहिलेलं नावही वाचा, त्यात बऱ्याचदा उत्तराची चुणूक असते.

एक उदाहरण जरा बारकाईने बघू, कारण पुढची निम्मी कोडी याच विचाराची भावंडं आहेत. जॅमर हे पहिलंच हत्यार. ते दारावर रोखून जमिनीवर ठेवलं की दारातलं फोर्स फील्ड, म्हणजे वाट अडवणारा ऊर्जेचा पडदा, बंद पडतं, उचललं की पुन्हा चालू. हातात एका वेळी एकच वस्तू मावते. आता समजा ओळीने तीन दारं आहेत आणि जॅमर दोनच. पहिल्या नजरेला एक जॅमर कमी पडतोय असंच वाटतं, आणि माणूस तिसरा शोधत खोलीभर फिरतो. तिसरा नसतोच.

एक जॅमर बाहेर ठेवून पहिल्या दारावर रोखा. दुसरा हातात घेऊन आत जा आणि आतल्या बाजूने त्याच पहिल्या दारावर रोखून ठेवा. आता ते दार दोघांनी मिळून धरलंय. बाहेर या, पहिला जॅमर उचला. दार उघडंच राहतं, कारण आतला जॅमर त्याला धरून आहे. पहिला आत आणा, दुसऱ्या दारावर रोखून ठेवा. मग मागचा उचला. पाठीमागे पहिलं दार बंद होईल, होऊ द्या. हातातला जॅमर घेऊन उघड्या दुसऱ्या दारातून पुढे जा आणि तो तिसऱ्यावर रोखा. झालं.

यात दारं उघडण्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते 'आता हे दार उघडं असण्याची गरज उरली आहे का' हे विचारणं. पुढे लेसर येतात, पंखे येतात, ठोकळे येतात. प्रश्न हाच राहतो. एकाच साध्या नियमातून इतकी वेगवेगळी कोडी काढणं हे या गेमचं सगळ्यात मोठं बलस्थान आहे, आणि तेही लांबलचक शिकवणी न देता. खोलीच तुम्हाला शिकवते.

या प्रामाणिकपणामागे मेहनतही आहे. क्रोटीमने गेम आपणहून खेळून बघणारा एक बॉट तयार केला होता. माणसाने सोडवून दाखवलेला मार्ग तो पुन्हा पुन्हा चालून बघायचा, म्हणजे कुठे भिंत हलवली आणि उत्तरच मोडलं तर लगेच पत्ता लागायचा. रोबोच्या गेमची चाचणी रोबोने घ्यावी हे बाकी झकास!

पायरी चौथी: रंगांचा क्रम पाळा

सिजिल तीन मुख्य रंगांचे आहेत. हिरव्यांनी नवे भाग उघडतात, पिवळ्यांनी नवी साधनं मिळतात, लाल मनोऱ्यासाठी. ढोबळमानाने अवघडपणाही याच क्रमाने वाढतो. कुठल्या खोलीत कोणता आहे ते वाटेवरच्या पाट्यांवर दिसतं. आधी हिरवे, मग पिवळे. लाल सिजिल अडला तर खुशाल सोडून पुढे जा. एखादी खोली आता सुटत नसेल तर ती बहुतेक वेळा पुढे काहीतरी शिकल्यावर सुटते.

साधनांपैकी लेसरचा किरण पुढे पोचवणाऱ्या कनेक्टरवर हात बसायला थोडा वेळ द्या. तो हातात धरून आधी लेसरचा उगम आणि मग तो जिथे पोचवायचा ती जागा निवडायची, आणि मगच जमिनीवर ठेवायचा. उचलला की सगळ्या जोडण्या जातात. तांबडा आणि निळा किरण एकमेकांना छेदले की दोन्ही तिथेच अडतात. काही खोल्यांत हा अडथळा असतो, काही खोल्यांत नेमका तोच उपयोगी पडतो. ठोकळ्यावर कनेक्टर ठेवला की किरण उंचावरून जातो. ठोकळ्यावर स्वतः चढलात की भिंतीपलीकडचं दिसतं. तुमचं अंगही किरण अडवतं, हे विसरून लोक फार वेळ घालवतात.

पायरी पाचवी: कुलपांच्या पाट्यांवर डोकं फोडू नका

गोळा केलेले सिजिल म्हणजे चार चौकोनांचे तुकडे. दार उघडायला ते एका चौकटीत गच्च बसवावे लागतात. खरं सांगायचं तर हा गेममधला कमकुवत भाग. खोल्यांमधली कोडी विचार करायला लावतात, इथे मात्र बराचसा प्रकार 'हा इथे बसतो का, नाही, मग तिथे' असा चालतो.

लवकर सुटका हवी असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तुकडा ठेवल्यावर मागे एकटी पडलेली मोकळी जागा राहिली आणि तिच्यातल्या चौकोनांच्या संख्येला चारने भाग जात नसेल, तर तो तुकडा चुकलाच. पुढे प्रयत्न करू नका. दुसरं म्हणजे मनातल्या मनात चौकटीवर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन आखा. 'टी' आकाराचा तुकडा सोडला तर प्रत्येक तुकडा दोन काळे आणि दोन पांढरे चौकोन झाकतो. 'टी' तीन एका रंगाचे आणि एक दुसऱ्या रंगाचा झाकतो. म्हणून काळे-पांढरे चौकोन सारखे असलेल्या चौकटीत 'टी' दोन असतील तर एकाने जास्त काळे झाकायचे आणि दुसऱ्याने जास्त पांढरे. 'टी' आधी बसवायचे ते यासाठी.

पायरी सहावी: टर्मिनलपाशी थांबा, पण एका बैठकीत सगळं वाचू नका

जागोजागी जुने संगणक आहेत. त्यांत फाटलेल्या पानांसारखा मजकूर आहे: कुणाचे ईमेल, कुणाच्या नोंदी, तत्त्वज्ञानातले उतारे. भिंतींवर क्यूआर कोडही आहेत, तुमच्याआधी येऊन गेलेल्यांनी सोडलेले. आणि अलेक्झांड्रा ड्रेनन या शास्त्रज्ञाच्या आवाजातल्या काही फिती. फिती एकही चुकवू नका. पडक्या वास्तूंमधून फिरताना तो थकलेला पण उमेद न सोडलेला आवाज ऐकू येतो, तेव्हा तोवर निव्वळ कोडी वाटणाऱ्या गोष्टीला पहिल्यांदा वजन येतं. लेखनाच्या बाबतीत मी या गेमला बहुतेक सगळ्या कोडी-गेम्सच्या वर ठेवीन.

क्यूआर कोडची गंमत वेगळी. तिथे विनोद आहेत, भांडणं आहेत, निराशा आहे, एखाद्या खोलीवर वैतागून लिहिलेली ओळ आहे. त्याच खोलीवर तुम्हीही वैतागलेले असता.

मिल्टनबद्दल मात्र मन द्विधा आहे. टर्मिनलमधला हा प्रोग्रॅम तुम्ही माणूस आहात का हे ठरवण्याच्या निमित्ताने प्रश्न विचारत बसतो, आणि तुमच्या आधीच्या उत्तरांतली विसंगती तुमच्यासमोर ठेवतो. वाद घालायला तो पटाईत आहे. अडचण अशी की उत्तरं पर्यायांमधूनच निवडायची असतात, आणि दिलेल्या पर्यायांत आपलं म्हणणं नसतंच असं वारंवार होतं. जे आपण बोललोच नाही त्यात आपल्याला पकडलं की राग येतो. यावर उपाय एकच: मिल्टनला जिंकायची स्पर्धा समजू नका. जवळचा पर्याय निवडा, तो काय म्हणतो ते ऐका, पुढे चला.

वाचनाचं प्रमाण म्हणाल, तर दोनतीन खोल्यांमागे एक टर्मिनल असा बेत ठेवा. नुसती कोडी सोडवत गेलात तर डोकं शिणतं, नुसतं वाचत गेलात तर गेम रेंगाळतो.

पायरी सातवी: रेकॉर्डर

बरेच जण इथे गेम सोडतात, म्हणून हे नीट वाचा. रेकॉर्डर तुमच्या हालचाली टिपतो. मग सगळं पूर्ववत होतं, आणि तुमची प्रतिकृती त्याच हालचाली जशाच्या तशा करते, तेव्हा तुम्ही दुसरीकडे मोकळे असता. म्हणजे प्रेशर प्लेटवर (वजन पडलं की दार उघडणारी जमिनीतली पाटी) 'तो' उभा राहील आणि उघडलेल्या दारातून 'मी' जाईन. कल्पना सुरेख आहे. त्रास असा की एक छोटी गफलत झाली तर सगळं रेकॉर्डिंग पहिल्यापासून करावं लागतं, आणि उत्तर डोक्यात स्वच्छ असताना निव्वळ अंमलबजावणीपायी वेळ जातो. गेमचा करार इथे पहिल्यांदा ढिला पडतो: कळणं आणि करणं यांतलं अंतर वाढतं.

कागद घ्या. दोन रकाने करा, एक 'तो', दुसरा 'मी'. कोण कधी कुठे उभा असायला हवा ते लिहा. मगच रेकॉर्डिंग सुरू करा. दुसरं, घाई करू नका. जिथे प्रतिकृतीने प्लेट दाबून धरायची आहे तिथे रेकॉर्डिंगच्या वेळी भरपूर वेळ नुसते उभे राहा, गरजेपेक्षा दुप्पट म्हणा ना. रेकॉर्डिंग संपलं की प्रतिकृतीही संपते, आणि तुम्ही दारात असताना ते बंद झालं की पुन्हा पहिल्यापासून. तिसरं, रेकॉर्डिंगच्या वेळी बंद असलेल्या दारातून प्रतिकृतीही जाऊ शकत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. तिच्या वाट्याचं काम तिला एकटीला जमणारं हवं.

या तीन गोष्टी पाळल्या की रेकॉर्डरची खोली छळवाद राहत नाही. कधीकधी तर, डोक्यावर फळी धरलेल्या स्वतःच्याच प्रतिकृतीवर उभं राहून भिंत ओलांडताना, हा सगळा जाच सार्थकी लागल्यासारखा वाटतो.

पायरी आठवी: तारे पहिल्या फेरीत सोडा

बागेत तीस तारे लपवलेले आहेत. त्यांनी करड्या दारांमागचे भाग उघडतात. यातले काही तारे अप्रतिम आहेत: एका खोलीतला लेसर भिंतीवरून बाहेर काढून भलतीकडेच पोचवायचा, म्हणजे आतापर्यंत जी भिंत तुम्ही सीमा मानत होतात ती सीमा नव्हतीच. पण काही तारे असे आहेत की ते आहेत कुठे हे शोधण्यातच वेळ जातो. 'खोलीत दिसतंय त्यात उत्तर आहे' हा नियम शिकवायचा आणि मग काही ठिकाणी तो गुपचूप बाजूला ठेवायचा, याची मला चीडही येते आणि कौतुकही वाटतं.

नवख्या माणसाने तारा सहज दिसला, मार्ग सुचला तर घ्यावा. नाही तर मनोऱ्याचं बघावं. शेवट एकापेक्षा जास्त आहेत आणि ताऱ्यांशिवायही गेम पुरा होतो. पहिल्या फेरीला साधारण 15 ते 20 तास धरा.

अडलात तर

आधी खोलीतून बाहेर पडा. हा सल्ला पोरकट वाटेल, पण गेम एका वेळी बऱ्याच खोल्या उघड्या ठेवतो तो यासाठीच. चुकीचा विचार एकदा डोक्यात बसला की समोरचा कनेक्टर दिसेनासा होतो. परत आल्यावर रीसेट करा, अर्धवट मांडणीवर पुढे बांधू नका. मदत करणारे काही संदेशवाहक गेममध्ये आहेत, पण ते मोजके आहेत आणि त्यांच्याकडून फार मोठ्या मदतीची अपेक्षा धरू नका.

उत्तराचा व्हिडिओ बघायचाच असेल तर तो रेकॉर्डरच्या खोल्यांसाठी आणि हरवलेल्या ताऱ्यांसाठी बघा. जॅमर-कनेक्टरच्या खोल्यांसाठी बघू नका. तिथे एक उत्तर फुकट घेतलं की पुढच्या पाच खोल्यांसाठी लागणारी कल्पना हातातून जाते.

उरलेल्या तक्रारी थोडक्यात. चालणं फार आहे. जागा देखण्या आहेत, पण दोन खोल्यांमधलं अंतर उगाच मोठं वाटतं. फिरते माइन आणि गोळ्या झाडणारे टरेट काही खोल्यांत आहेत, मेलात की खोली पहिल्यापासून, आणि शूटर बनवणाऱ्या स्टुडिओची जुनी खोड तिथे डोकावते. दुसऱ्या भागात त्यांनी ही दोन्ही काढूनच टाकली, यातच सगळं आलं. ज्यांना गेममध्ये माणसं भेटायला हवीत, संवाद हवेत, त्यांना इथला एकटेपणा जड जाईल. वाचनाचा कंटाळा असणाऱ्यांना अर्धाच गेम मिळेल.

शेवट बघून झाल्यावर 'रोड टू गेहेन्ना'कडे वळा. 2015 ची ही पुरवणी मुख्य गेमपेक्षा सरळसरळ अवघड आहे, आणि तुम्हाला सगळी साधनं सफाईने येतात असं धरूनच ती चालते. मुख्य गेममधले दोनचार लाल सिजिल अजून राहिले असतील तर आधी ते उरका.